टीव्हीच्या पट्ट्या आणि कॉन्स्टंट करंट बूस्ट मॉड्यूल: पाचपैकी साडेतीन

फुटलेल्या ३२ इंची टीव्हीतून एलईडीच्या तीन पट्ट्या निघाल्या. एकेकीवर सहा दाणे, दाण्याला साधारण ३ व्होल्ट, म्हणजे पट्टीला १८. बॅकलाइट टेस्टर लावला तर तिन्ही लख्ख. त्या चालवायला १२ व्होल्टचा ॲडॅप्टर आणि हे बिननावाचं बूस्ट मॉड्यूल (व्होल्टेज चढवून देणारं आणि करंट ठरवल्या मर्यादेत धरणारं छोटं सर्किट) घेतलं. आउटपुट १० ते ६० व्होल्ट, करंट ०.२ ते १० ॲम्पियर, दोघांना एकेक प्रीसेट, म्हणजे पितळी स्क्रू फिरवून कमीजास्त करायची सोय.

पहिल्याच दिवशी एक पट्टी मी स्वतः मारली. हाताशी २४ व्होल्टचा ॲडॅप्टर होता, म्हटलं एकच पट्टी लावून बघू. पट्टी डोळे दिपतील अशी पेटली. करंटचा स्क्रू उलटा फिरवतोय, फिरवतोय, प्रकाश तसूभर कमी होईना. मग टिक आवाज, वास आणि अंधार. चूक माझी, पण सोबतच्या चिटोऱ्यावर याबद्दल अवाक्षर नाही. बूस्ट मॉड्यूल व्होल्टेज फक्त चढवतं. आत येणारं व्होल्टेज पट्टीच्या गरजेपेक्षा जास्त असेल तर करंट कॉइल आणि डायोडमधून सरळ पुढे जातो, त्याला अडवणारं मध्ये कोणी नसतं. याच कारणाने आउटपुट मीटरने शॉर्ट करून करंट सेट करायची युक्ती इथे चालत नाही. ती व्होल्टेज उतरवणाऱ्या बक मॉड्यूलची, इथे मॉड्यूलच जाईल.

आता मी असं करतो. पट्ट्या सिरीजमध्ये जोडतो, पण मॉड्यूलला नाही. रिकाम्या आउटपुटवर व्होल्टेज ५७ ला बांधतो. प्रीसेट बऱ्याच फेऱ्यांचा आहे, सुरुवातीला काहीच हलत नाही, घाबरू नये. मग वीज बंद, कपॅसिटर उतरू द्यायचा (भरल्या कपॅसिटरवर पट्टी टेकवली की पहिला दणका तिलाच), करंट अगदी कमी करून पट्ट्या आणि मीटर सिरीजमध्ये लावायचे आणि हळूहळू ०.३ ॲम्पियरवर आणायचं. इनपुटला २ ॲम्पियरचा फ्यूज. पट्ट्या टीव्हीच्याच पत्र्यावर ठेवल्यात, तासाभरानेही पत्रा नुसता कोमट.

इथे मात्र मॉड्यूलला पैकीच्या पैकी. दाणे तापले की त्यांचं व्होल्टेज उतरतं. ठरलेल्या व्होल्टेजवर चालवले तर ते आणखी करंट ओढतात, आणखी तापतात. याने करंट ०.३ च्या पुढे हलू दिला नाही.

दीड गुण कशाचे कापले? एक तर त्या चिटोऱ्याचा. दुसरं, ०.२ ॲम्पियरच्या खाली हे उतरत नाही, त्यामुळे लॅपटॉपच्या पॅनेलमधल्या बारीक पट्ट्यांना निरुपयोगी. त्यांच्या एकेका ओळीला २० मिलिॲम्पियरच्या आसपास पुरतो.

आणि टीव्हीचाच पॉवर बोर्ड वापरू, असं मनात येईल. मी त्या वाटेला गेलो नाही. मेन्सच्या बाजूचा मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टच्या वर धरून बसलेला असू शकतो.

मेलेल्या पट्टीचा दुसरा दाणा आतून तुटून ओपन झाला होता, त्यातून करंट जात नव्हता. तिथे तारेचा तुकडा टाकला, बाकीचे पाच लागले. अठरा दाण्यांच्या हिशोबाने ५४ व्होल्ट यायचे, आता सतराच उरल्याने मीटरवर ५१ च्या आसपास दिसतात. करंट तोच, ०.३.