बॅटरी पाठवायचा क्रेट: ट्रे सोन्यासारखा, कड्या कुचकामी (नऊ महिन्यांचा अनुभव)

गेल्या मंगळवारी चौथी कडी तुटली, तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच. मिरगाच्या तोंडावर बॅटरी पाठवायचे सहा प्लास्टिकचे क्रेट घेतले, एक १,४५० ला. म्हणजे ८,७०० रुपये गेले. माझं गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सचं दुकान बेळगावात उद्यमबागेत. माल खानापूर, चिकोडी, निपाणीला जातो, आणि हद्दीपलीकडं कागल, गडहिंग्लज, कोल्हापूरलाही. मापं आणि किती किलो झेपतं ते जाहिरातीत आहे, परत लिहीत नाही.

आधी कड्यांबद्दल. झाकणाला चार कड्या आहेत, त्याही प्लास्टिकच्या. कडी जिथं वाकते तिथं जेमतेम नखाएवढी पातळ पट्टी. वीस-पंचवीस वेळा उघडझाप केली की तिथं पांढरी रेघ उमटते. रेघ दिसली की समजायचं, आठ दिवसांत तुकडा हातात येणार. कंपनीला तीनदा फोन केला. उत्तर एकच: कडी सुटी मिळत नाही, अख्खं झाकण घ्या, ६२० रुपये. चार आण्याच्या प्लास्टिकसाठी ६२०! एवढा चांगला क्रेट बनवणाऱ्यांना कडीचाच विचार का करता आला नाही, याचा मला अजून राग येतो.

मग इथल्याच एका वर्कशॉपमधून पत्र्याच्या कड्या करून घेतल्या, चाळीस रुपयाला एक. ही चूक कुणी करू नका. ॲसिडच्या वाफेनं दीड महिन्यात गंज चढला, आणि बॅटरीच्या वर सैल लोखंड म्हणजे शॉर्ट सर्किटला आमंत्रणच. काढून टाकल्या. आता बकलचा नायलॉन पट्टा आवळतो, नव्वद रुपये. चार महिने झाले, तक्रार नाही.

दिवाळीत लिहिलं असतं तर मी 'घेऊ नका' म्हणून मोकळा झालो असतो. डिसेंबरात मत बदललं. साखर कारखाने सुरू, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्यांना मागणी. संकेश्वरच्या पुढं डायव्हर्शनला टेम्पोनं ब्रेक मारला आणि वरचा क्रेट कलंडला. कागलला उघडून बघितलं तर एका बॅटरीचं झाकणबूच ढिलं होऊन क्रेटच्या तळाच्या ट्रेमध्ये कपभर ॲसिड साचलेलं. बाहेर थेंब नाही. शेजारी कुणाच्या तरी गुळाच्या ढेपा होत्या, त्या कोरड्या ठणठणीत. खायचा सोडा टाकला, फसफसून शांत झाला, मग पाण्यानं धुतला. त्या दिवशी ८,७०० रुपये वसूल झाले.

हे क्रेट मुळात घेतले ते एका हमालामुळं. आधी मी लाकडी खोक्यात थर्माकोल घालून बॅटरी पाठवायचो आणि बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) नुसतं 'ऑटो पार्ट्स' लिहायचो, कारण ॲसिड म्हटलं की ट्रान्सपोर्टवाला जादा भाडं मागतो. कोल्हापूरच्या गोडाऊनमध्ये एकानं ते खोकं पाठीवर घेतलं. ॲसिड झिरपलं, शर्टाला जाळी पडली, खांद्याची कातडी लाल झाली. आपण पाठीवर काय घेतलंय हे त्याला माहीतच नव्हतं. भाड्याचे पन्नास रुपये वाचवायला मी ते लपवलं होतं. औषधाचे पैसे दिले, पण त्याचा खांदा अजून डोळ्यांसमोर येतो.

म्हणून आता बिल्टीवर खरं लिहितो. ॲसिड भरलेली ओली बॅटरी म्हणजे धोकादायक मालाचा वर्ग ८ (कातडी नि धातू खाणारा माल), आणि त्या मालाचा जगभर चालणारा नंबर यूएन २७९४. सीलबंद, न सांडणारी असेल तर यूएन २८००. क्रेटवर वर्ग ८ चं लेबल: वर पांढरं, खाली काळं, आणि हातावर नि धातूच्या पट्टीवर थेंब पडतोय असं चित्र. आमच्याकडं हुबळीचा हमाल कन्नड वाचतो आणि कोल्हापूरचा मराठी, चित्र मात्र दोघांना कळतं. तरी खाली दोन्ही लिपींत 'आम्ल' असंही लिहितो, तो शब्द दोन्ही भाषांत एकच आहे. बॅटरी उभीच ठेवायची, टर्मिनलवर टोप्या घालायच्या. टोपी हरवली तर चिकटपट्टी, उघडं टर्मिनल नाही. ॲसिडसारख्या धोकादायक मालासाठी गाडीवर लेबलं, तातडीच्या माहितीचा फलक, प्रशिक्षित ड्रायव्हर हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येच आहे. पलीकडच्या राज्यात ५०,००० रुपयांच्या वर माल गेला की ई-वे बिलही लागतं.

जुन्या बॅटऱ्या परत येतात त्याही ह्याच क्रेटमधून, आणि त्यांच्यासाठी क्रेट जास्त गरजेचा. बऱ्याच तडकलेल्या असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनंतर त्या भंगारवाल्याला न देता नोंदणी असलेल्या रिसायकलरकडंच पाठवतो.

एअरबॅग मात्र ह्यात घालू नका. ती वर्ग ९, यूएन ३२६८, कंपनीच्या मूळ खोक्यातच जाते. जुनी काढलेली एअरबॅग मी विकत नाही आणि पाठवतही नाही. डिकीचं झाकण उचलून धरणाऱ्या शॉकमध्ये दाबाखाली नायट्रोजन असतो (यूएन ३१६४), त्याला भोक पाडून बघायचं नाही. रिकामी पेट्रोल टाकी रिकामी नसते, आत वाफ राहते. पोस्ट असला धोकादायक माल घेत नाही. सांबऱ्याच्या विमानतळावरून पाठवायचं म्हटलं तेव्हा कुरिअरवाल्यानं बॅटरी नाकारली, मी भांडलो होतो. त्याचं बरोबर होतं, नियम सांगून नाकारली त्यानं.

नऊ महिन्यांत सहापैकी चार क्रेटच्या कड्या गेल्या, ट्रे एकही तडकला नाही. तळाला चरे पडलेत, ॲसिडनं रंग थोडा उडालाय, बस्स. आता आणखी दोन सांगितलेत. येतील तेव्हा कड्या पहिल्या दिवशीच कापून टाकणार आणि नायलॉनचा पट्टा लावणार. प्रत्येक टेम्पोत ड्रायव्हरच्या सीटमागं दोन किलो खायचा सोडा आणि पाण्याचा कॅनही ठेवलाय.