राणीविना आलेल्या १९ पेट्या

आमचे शेत लोणार तालुक्यात आहे. वर वीतभर काळी माती आणि खाली लाव्हाचा काळा पाषाण, त्यामुळे विहिरीला पाणी बेताचेच असते आणि सोयाबीन-तुरीपलीकडे फारसे काही निघत नाही. मात्र तूर, करडई, बांधावरचे निंब आणि करंज, पलीकडच्या जंगलातला पळस असा फुलोरा कार्तिकापासून चैत्रापर्यंत एकामागून एक मिळत राहतो, म्हणून वडील, पत्नी आणि मी अशा तिघांनी मिळून जोडधंदा म्हणून मधमाश्या पाळायचे ठरवले.

दुसऱ्या जिल्ह्यातील एका व्यापाऱ्याने मेलिफेरा जातीच्या ३० पेट्या प्रत्येकी ५,५०० रुपयांना देण्याचे आणि निघेल तो सगळा मध ठरलेल्या भावाने परत घेण्याचे कबूल केले. लोणारचे तळे म्हणजे ज्वालामुखीचे तोंड, तेव्हा ‘ज्वालामुखीच्या मातीतला मध’ म्हणून तुमचा माल शहरात दुप्पट भावाने जाईल, असे तो ठासून सांगत होता. पाषाण लाव्हाचा असला तरी ते विवर उल्केच्या आघाताने झाले, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तिथेच मी सावध व्हायला हवे होते. पण भाव ऐकून गप्प बसलो आणि पत्नीच्या पाटल्या गहाण ठेवून १,६५,००० रुपये मोजले.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी आली ती रात्री साडेअकराला. माश्या रात्रीच हलवायच्या असतात, त्यामुळे वेळेत संशय घेण्यासारखे काही नव्हते, पण नेमका त्याच रीतीचा त्याने फायदा घेतला. आता झाकण काढले तर माश्या अंगावर येतील, असे सांगून त्याने एकही पेटी उघडू दिली नाही आणि बॅटरीच्या उजेडात पावतीवर माझी सही घेतली. ‘वसाहती तपासून, राणीसह मिळाल्या’ असे वाक्य त्या पावतीवर छापलेले होते. मी पेट्यांचा आकडा तेवढा वाचला.

पुढचे तीन आठवडे माश्यांची ये-जा उत्तम होती, दारापाशी पिवळा पराग घेऊन येणाऱ्या माश्या पाहून आम्ही समाधानी होतो. डिसेंबरच्या सुरुवातीला पहिल्यांदा पेटीतल्या पोळ्यांच्या चौकटी उचलून उन्हात धरल्या, तेव्हा पोळ्याच्या एकेका घरात तीन-तीन, चार-चार अंडी दिसली, तीही तळाशी नव्हे तर भिंतींना चिकटलेली. आणि कामकरी माश्यांच्या घरांवरची झाकणे सपाट असायच्या ऐवजी हरभऱ्यासारखी फुगून वर आलेली होती. राणी एका घरात एकच अंडे, तेही तळाशी घालते. राणी नसली की काही आठवड्यांनी कामकरी माश्याच अंडी घालू लागतात, पण त्यांतून फक्त नर निपजतात, जे ना मध गोळा करतात ना पेटी सांभाळतात. अशा १९ पेट्या निघाल्या.

त्याची युक्ती मला नंतर एका जुन्या मधपाळाने उलगडून सांगितली. दुसऱ्या वसाहतींतल्या माश्या झटकून पेटीत भरायच्या आणि सोबत झाकलेल्या कोषांच्या दोन चौकटी द्यायच्या, म्हणजे त्यांतून नव्या माश्या निघत राहतात आणि पेटी भरलेली दिसते. अंडे किंवा तीन दिवसांच्या आतली अळी असती, तर माश्यांनी तिच्यापासून नवी राणी घडवली असती, म्हणून तशी एकही चौकट त्याने दिली नव्हती. अंड्यापासून कामकरी माशी व्हायला २१ दिवस लागतात. तेवढे दिवस उलटले की राणी आधीपासून नव्हती की नंतर मेली हे सांगता येत नाही, म्हणून तोवर खरेदीदाराने आत पाहू नये, एवढीच त्याची गरज होती. वडील एवढेच म्हणाले, ‘‘ढोर घेतानी दात पाह्यतो ना लेका, मंग पेटी कायले नाही उघडून पाह्यली?’’

दोन पेट्यांत नव्या राण्या सोडून पाहिल्या, दोन्ही माश्यांनी मारल्या. उरलेल्या बहुतेक पोळ्यांत जानेवारीपर्यंत मेणकिड्याची जाळी पडली. व्यापारी आधी ‘तुमच्या हयगयीने राण्या मेल्या’ म्हणाला, मग त्याने फोन उचलणेच बंद केले. पोलीस ठाण्यात हा दिवाणी व्यवहार असल्याचे सांगून परत पाठवले. स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतलेल्या वस्तूबाबत २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते, हे कळल्यावर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क पडत नाही. अडचण आहे ती त्या पावतीची. माझ्या सहीची तीच प्रत समोरच्या वकिलाने पहिल्याच तारखेला पुढे केली.

यंदाची तूर फुलायला आली आहे आणि तोच माणूस शेजारच्या तालुक्यात बयाणे घेत फिरत असल्याचे कानावर आले, म्हणून हे लिहितो आहे. त्याच्याकडून किंवा आणखी कोणाकडून पेट्या घेत असाल, तर गाडी रात्री आली तरी पेट्या बांधावर उतरवून दारे उघडून ठेवा. गाडीवाल्याला चहा पाजून सकाळपर्यंत थांबवा आणि उन्हात प्रत्येक पेटीतल्या चौकटींमध्ये तळाशी एकेकटे उभे असलेले तांदळाच्या कणीहून बारीक अंडे दिसल्यावरच पावतीला हात लावा. जो थांबायला तयार नसेल, त्याच्या पेट्या तशाच गाडीत चढवून द्या, बयाणा बुडाला तरी.