बारावा अध्याय उघडा, मग ठरवा

मावसभाऊ हिंजवडीला नोकरीला आहे. यंदाचं अप्रेझल मनासारखं झालं नाही आणि तेव्हापासून रात्री अडीचला जाग येते म्हणतो. परवा जेवताना म्हणाला, "दादा, गीता वाचायचीय. नुसते श्लोक नकोत, कुणीतरी मराठीत समजावून सांगितलेली हवी. ज्ञानेश्वरी घेऊ, गीतारहस्य घेऊ, की विनोबांची गीता प्रवचने?" तिन्ही एकदम घेऊ नकोस, एवढं मी ताटावरच सांगून टाकलं. तिन्ही आणली की एकही वाचून होत नाही. आमच्या घरी गीतारहस्य कित्येक वर्षं टीव्हीच्या डुगडुगत्या टेबलाखाली कर्मयोग करत होतं.

त्याला सांगितलं तेच इथं लिहितो. पुण्यात पुस्तकांसाठी अप्पा बळवंत चौकात गेलात की पुस्तक पहिल्या पानापासून चाळू नका. सरळ बारावा अध्याय काढा. मुळात वीसच श्लोक आहेत, पण निष्काम कर्म, भक्ती आणि मनाची शांती ही तिन्ही तिथं एका जागी भेटतात. आठव्या श्लोकापासून कृष्ण चक्क घासाघीस करतो. मन माझ्या ठायी ठेव. जमत नाही? मग अभ्यास कर. तेही नाही? माझ्यासाठी म्हणून कर्म कर. तेही होत नसेल तर निदान फळ सोड. लक्ष्मी रोडवर कुणी इतकं उतरून देत नाही.

खरी मेख पुढेच आहे. बाराव्या श्लोकात हीच सगळ्यात खालची पायरी एकदम वर जाऊन बसते. अभ्यासापेक्षा ज्ञान बरं, ज्ञानापेक्षा ध्यान, ध्यानापेक्षा कर्मफळाचा त्याग, आणि त्यागाच्या पाठोपाठ शांती. आत्ता तर म्हणालास की काहीच जमत नसेल तर फळ सोड, आणि लगेच तेच श्रेष्ठ? तिन्ही पुस्तकं इथं वेगवेगळी वागतात, आणि आपलं कुणाशी जमेल ते इथंच कळतं.

टिळक इथं बाह्या सरसावतात. संन्यासमार्गी टीकाकार, म्हणजे ज्ञान झाल्यावर कर्म सोडावं असं मानणारे भाष्यकार, या श्लोकाला 'ही नुसती स्तुती आहे' म्हणून बाजूला सारतात. टिळकांना ते अजिबात मान्य नाही. त्यांच्या मते श्लोक म्हणतो तेच त्याला म्हणायचंय: ज्ञान झाल्यावरही कर्म सोडायचं नाही, फक्त फळाची आसक्ती सोडायची. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात पेन्सिलीनं लिहिलेला हा ग्रंथ १९१५ साली पुण्यात छापून निघाला. वाचताना मात्र तुरुंगापेक्षा कोर्टात बसल्यासारखं वाटतं. शंकराचार्य, पाश्चात्त्य तत्त्वज्ञ मिल, स्पेन्सर, कांट, सगळ्यांना साक्षीला बोलावून उलटतपासणी. माणूस कायद्याचा पदवीधर होता, ते लपत नाही. संस्कृत उताऱ्यांची सवय नसेल तर दमछाक होते. रात्री अडीचला जाग येणाऱ्यानं हे उशाशी ठेवू नये. उरलीसुरली झोपही जाईल. पण 'फळच सोडायचं तर काम नीट कशाला करू?' हा प्रश्न ज्याला मनापासून छळतो त्याला दुसरीकडे इतकं चोख उत्तर मिळणार नाही. फळाचा विचार करणं वेगळं आणि फळाला चिकटून बसणं वेगळं, हा फरक टिळक सोडवून दाखवतात. म्हणजे पगारवाढ मागायला गीतेची आडकाठी नाही. अख्खा ग्रंथ झेपणार नसेल तर निदान 'कर्मजिज्ञासा' हे प्रकरण वाचा.

ज्ञानेश्वरांना या श्लोकात भांडण दिसतच नाही. ते त्याला वाट म्हणतात. अभ्यास, ज्ञान, ध्यान, त्याग ही त्या वाटेवरची 'पेणी', म्हणजे मुक्काम, आणि शेवटी शांतीचं माजघर. ज्या गावात दर वर्षी माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला उतरते, तिथल्या माणसाला हे वेगळं समजावावं लागत नाही. कुठला मुक्काम मोठा यावरून वारकरी वाद घालत नाही, तो दुसऱ्या दिवशी पुढे चालू लागतो.

याच अध्यायात थोडं आधी पाण्याचा दृष्टान्त आहे. माळी नेईल तिकडे पाणी निमूट जातं, तसं व्हावं. मी हे कैक वेळा नुसतं वाचून गेलो होतो. मग एकदा सासवडकडे शेतावर पाणी धरताना पाहिलं. गड्यानं फावड्यानं एका वाफ्याचं तोंड बुजवलं, दुसऱ्याचं फोडलं, आणि पाणी क्षणभर थबकून तिकडे वळलं. कुरकुर नाही, आणि वेग तोच. ऑफिसात एका प्रोजेक्टवरून उचलून दुसऱ्यावर टाकतात तेव्हा आपण काय काय बोलतो ते आठवून हसू आलं. पुढे झाडाचाही दृष्टान्त येतो: घाव घालणाऱ्याला आणि लावणाऱ्याला सावली सारखीच. शत्रू-मित्र समान असं नुसतं सांगितलं की मान डोलावून आपण विसरतो. झाड विसरता येत नाही.

अडचण भाषेची. १२९० सालची मराठी आहे. सार्थ, म्हणजे अर्थासह छापलेल्या, प्रतीशिवाय हात घालू नका. साधारण नऊ हजार ओव्या ऐकून घाबरायचंही कारण नाही, बाराव्यात अडीचशेच्याही आत आहेत. रोज दहा मोठ्यानं वाचल्या तर महिन्याभरात होतो. मोठ्यानं हे महत्त्वाचं, डोळ्यांनी वाचून ओवी निम्मीच पोचते.

राहिले विनोबा. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२, धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक अध्याय; समोर कैदी, आणि उतरवून घ्यायला साने गुरुजी. त्यामुळे भाषा बोलण्याची आहे आणि एक प्रवचन एका बैठकीत संपतं. बाराव्यात ते लक्ष्मण आणि भरत समोर ठेवतात. एक रामासोबत वनात जाऊन सेवा करतो, दुसरा लांब अयोध्येत राहून रामाचंच काम म्हणून राज्य सांभाळतो. भक्ती दोघांचीही. ज्याची आई गावाकडे आणि नोकरी पुण्यात, त्याला भरत जरा जास्तच लागतो. माझी एक तक्रार आहे. जुन्या भाष्यांत 'विकर्म' म्हणजे निषिद्ध कर्म. विनोबा त्याचा अर्थ कर्माला आतून मिळणारी मनाची जोड असा करतात. कल्पना सुंदर आहे, पण ती विनोबांची आहे हे लक्षात ठेवून वाचावं. (विनोबांचीच गीताई वेगळी, तो श्लोकास श्लोक अनुवाद. पाठ करायला उत्तम, समजावणं तिचं काम नाही.)

मावसभावाला मी गीता प्रवचने घ्यायला लावलं, जोडीला ज्ञानेश्वरीचा फक्त बारावा. गीतारहस्य आमच्याकडचं न्यायचं, आता टेबल नवीन आहे. ज्ञानेश्वरी घेताना एक बघा: अर्थ त्या त्या ओवीखालीच हवा. शेवटी एकगठ्ठा दिलेला असला तर दर ओवीला पानं उलटावी लागतात आणि आठवड्यात पुस्तक कपाटात जातं. आणि घरी चष्मेवाले असतील तर मोठ्या टाइपाची प्रत मागा, जड असली तरी.