२४-०-२४ चा घरगुती सप्लाय: दिवाळी ते आषाढ वापरल्यानंतर

ॲम्प्लिफायरला वीज देणारा, दिवाळीत घरीच जोडलेला हा सप्लाय आषाढापर्यंत जवळपास रोज चालला. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक झालं असतं. याचे खरे गुण-दोष कळायला सोलापूरचा उन्हाळा जावा लागला.

सामान साधंच. २४-०-२४ (मधल्या टोकाच्या दोन्ही बाजूंना २४ व्होल्ट एसी), ५ अँपिअरचा पत्र्यांचा ईआय ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा २५ अँपिअरचा चौकोनी ब्रिज, दोन्ही बाजूंना १०,००० एमएफडी (मायक्रोफॅरड) ६३ व्होल्टचा एकेक कपॅसिटर, आणि हे सगळं एका बाद यूपीएसच्या पत्र्याच्या डब्यात. त्यावर टीडीए ७२९४ या ॲम्प्लिफायर आयसीचे दोन बोर्ड आणि ८ ओहमचे स्पीकर. ४ ओहमचे स्पीकर असतील तर एवढा व्होल्टेज देऊच नका. या आयसीची डेटाशीट ४ ओहमला अधिक-उणे २७ व्होल्टवरच ७० वॉट दाखवते, त्याच्या वर नुसती उष्णता वाढते.

आधी व्होल्टेजचं बोलू, कारण आमच्या भागात सगळं तिथेच येऊन अडतं. ट्रान्सफॉर्मरवर छापलेले २४ हे पूर्ण लोडवरचे. मोकळा असताना माझा २६ देतो. त्याला १.४१ ने गुणून ब्रिजचा एक-दीड व्होल्ट वजा केला की दोन्ही बाजूंना ३५ च्या आसपास येतात. पण हे झालं २३० च्या लाइटवर. आमचं घर पूर्व भागात, आजूबाजूला यंत्रमाग. दिवसा माग चालू असले की स्टॅबिलायझरचा काटा २१० पाशी घुटमळतो, आणि रात्री कारखाने थांबले की २५० ला जाऊन बसतो. २५० वर हाच सप्लाय ३९ दाखवतो. आयसी ४० पर्यंत चालवायची. एका व्होल्टच्या फटीत रोज रात्री गाणी ऐकणं मला तरी पटत नाही. शिवाय त्या वेळी ट्रान्सफॉर्मरचे पत्रेही गुरगुरायला लागतात, स्पीकर काढून ठेवले तरी.

म्हणून नवीन कुणी करणार असेल तर सरळ २२-०-२२ घ्या. ताकद कमी पडेल ही भीती फुकटची आहे. वॉट साधारण १६ टक्क्यांनी घटतात, म्हणजे एक डेसिबलसुद्धा नाही. दुकानात मिळाला नाही तर वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घ्या.

आता गुणगुण. नव्या सप्लायवर हाच मुख्य रोग, आणि त्यावर सगळ्यांचं एकच औषध: कपॅसिटर वाढव. घरी आलेला मित्र दोन मिनिटं ऐकून म्हणाला, “काय बे, भुंगा अडकलाय का आत?” आणि लगेच, “अजून दोन दहा-हजारी टाक की.” कपॅसिटर टाकायच्या आधी आवाज कोणता आहे ते ओळखायला हवं. मोबाइलवर टोन काढायचं फुकट ॲप घ्या, इअरफोन लावा (मोबाइलच्या स्पीकरला ५० हर्ट्झ झेपत नाही), आणि ५० व १०० हर्ट्झ आलटून पालटून ऐका. एकदा कानात बसलं की विसरत नाही. ५० चा आवाज जाड, पोटातून आल्यासारखा. तो बहुतेक वेळा बाहेरच्या वायरींतून किंवा ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या जवळ असल्यामुळे येतो. ब्रिजनंतरचा आवाज १०० चा, जरा करकरीत.

माझा १०० चा होता. इनपुटच्या दोन्ही टोकांना वायरीचा तुकडा लावून शॉर्ट केलं तरी हटेना, म्हणजे डब्यातलाच. मीटर एसीवर लावून रेलवर (सप्लायच्या अधिक-उणे वायरींवर) बघितलं तर काही मिलिव्होल्ट, अगदी क्षुल्लक. गाणं बंद असताना दोन्ही बोर्ड मिळून जेमतेम ०.१ अँपिअर खातात, त्याला १०,००० एमएफडी भरपूर झाले. मग इतका आवाज कुठला?

चोर निघाला ग्राउंडच्या वायरीत. ब्रिज कपॅसिटरला एकसारखा करंट देत नाही, सेकंदाला १०० वेळा हिसके देतो, आणि प्रत्येक हिसका सरासरी करंटच्या कितीतरी पट मोठा असतो. हा हिसका ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकापासून दोन कपॅसिटरच्या सांध्यापर्यंत जातो. सप्लायच्या तयार बोर्डावर ॲम्प्लिफायरला ग्राउंड द्यायचा स्क्रू नेमका याच पट्टीच्या मध्ये होता. पट्टीचा रेझिस्टन्स नगण्य, पण हिसका मोठा, त्यामुळे तिथे मिलिव्होल्ट तयार होतात आणि ॲम्प्लिफायर त्यालाच गाणं समजतो. सांध्यापासून एक जाड, आखूड वायर काढून तिच्या शेवटी एका बोल्टवर सगळी ग्राउंडं घेतली: बोर्डांची, स्पीकरची, इनपुटची. वायर जेमतेम चार बोटं सरकली आणि भुंगा उडाला. कपॅसिटरला एक पैसा लागला नाही.

टीव्ही जोडल्यावर मात्र ५० चा बारीक आवाज परत आला, केबलवाल्याच्या वायरीतून. सिग्नल ग्राउंड आणि डबा यांच्यामध्ये १० ओहमचा रेझिस्टर टाकल्यावर तो ऐकू येण्याच्या खाली गेला. यावर काही जण प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. तसलं अजिबात करू नका. पत्र्याचा डबा अर्थिंगला घट्ट जोडलेलाच हवा, भले थोडी गुणगुण राहो.

उन्हाळ्यात एकदा एका बाजूचा स्पीकर मुका झाला. उणे बाजूचा फ्यूज उडालेला. टीडीए ७२९४ च्या पाठीचा पत्रा ग्राउंड नसतो, तो उणे सप्लायला जोडलेला असतो, त्यामुळे हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूला) लावताना मध्ये वीज अडवणारा अभ्रक लागतोच. हीटसिंकच्या भोकाला राहिलेल्या बारीक धारेने तो अभ्रक महिनोन् महिने गरम-गार होत कापला होता. भोक कानशीने साफ केलं, अभ्रक बदलला, आणि सिरीज दिव्यावर (मेनच्या वायरीत मध्ये जोडलेल्या दिव्यावर) चालू करून बघितलं. दिवा क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर अजून शॉर्ट आहे. यासाठी जुना तारेचाच १०० वॉटचा दिवा हवा, एलईडी इथे कामाचा नाही. तसा एखादा घरात सापडला तर जपून ठेवा.

एक फ्यूज उडाला की आउटपुटवर दुसऱ्या बाजूचा पूर्ण डीसी येऊ शकतो आणि स्पीकरची कॉइल जळते. माझे स्पीकर वाचले ते डीसी येताच स्पीकरची लाइन तोडणाऱ्या प्रोटेक्शनच्या रिलेमुळे. बाजारात लोक निळे एलईडी आणि आवाजाबरोबर हलणारे व्हीयू मीटर आधी घेतात, रिले नंतर बघू म्हणतात!

उष्णतेचं म्हणाल तर मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे, त्यात बंद डबा. कपॅसिटर दहा अंशांनी थंड राहिला की त्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, त्यामुळे १०५ अंशांचेच घ्या आणि हीटसिंकपासून लांब बसवा. आमच्याकडे आणखी एक पाहुणा असतो, मागावरच्या सुताचं तूस. जाळीवर त्याचा पातळ गालिचाच जमतो आणि हवा अडते. साफ करायला कोरडा ब्रश पुरतो, पण डबा उघडण्याआधी प्लग काढून दोन-तीन मिनिटं थांबा. प्रत्येक कपॅसिटरवर २.२ किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर लावला आहे, तरी तो तेवढा वेळ घेतोच. हात घालण्याआधी मीटरने बघा.

एक गोष्ट अजून राहिली आहे. बंद केल्यावर कपॅसिटरमधल्या उरल्यासुरल्यावर गाणं दोन-तीन सेकंद कण्हत राहतं आणि मग ठप् होतं. प्रोटेक्शन बोर्डाला एसी बाजूची वायर दिली की रिले लगेच सुटेल. तेवढं काम पुढच्या वेळी तूस झाडायला डबा उघडेन तेव्हा.