मूत्रमार्गाच्या दुखापतीवरील उपचार: मुंबईतील एका महापालिका रुग्णालयाचा अनुभव

मागच्या वर्षी माझा धाकटा भाऊ लोकलमधून पडला, तेव्हा त्याच्या कटीराचे (कमरेखालच्या भागाचे) हाड मोडले आणि त्यासोबत मूत्रमार्गही तुटला. जवळच्या नर्सिंग होममध्ये, लघवीच्या छिद्रातून रक्त येत असतानाही, दोनदा कॅथेटर घालण्याचा प्रयत्न झाला. अशा वेळी अंदाजाने नळी सारू नये, आधी एक्स-रेत दिसणारे औषध आत सोडून मूत्रमार्गाचा एक्स-रे काढावा, हे आम्हांला पुढे महापालिका रुग्णालयाच्या मूत्रविकार विभागात कळले. हे परीक्षण त्या विभागाचे आहे.

तेथे त्याच रात्री ओटीपोटातून थेट मूत्राशयात नळी बसवून लघवीला वाट करून देण्यात आली. मुख्य शस्त्रक्रिया तीन महिन्यांनी होईल हे ऐकून आईला ती चालढकल वाटली. परंतु निवासी डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे आकृती काढून, साचलेले रक्त जिरल्याशिवाय आणि व्रण स्थिरावल्याशिवाय जोड टिकत नाही, हे तिला शांतपणे समजावले. दुर्बिणीच्या साहाय्याने सुरुवातीलाच नळी ओवून तुटलेली टोके जवळ आणता येतात, पण त्यानंतरही पुष्कळांचा मार्ग पुन्हा आक्रसतो, हे त्यांनी लपवले नाही. दुखापतीमुळेच लैंगिक क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, हेही भावाला एकट्याला बसवून सांगितले. या विभागाचे मोल मला सर्वाधिक वाटले ते या स्पष्टपणामुळे.

तीन महिन्यांनी वरून आणि खालून एकाच वेळी औषध सोडून दोन टोकांमधले अंतर पाहिले गेले. मग वृषणाखालून छेद घेऊन व्रणाचा भाग काढला आणि निरोगी टोके एकमेकांना शिवली. मूत्रमार्गाला गालाच्या आतल्या अस्तराचा तुकडा लावण्याविषयी आम्ही विचारले होते. तो उपाय मुख्यतः मूत्रमार्गाच्या पुढच्या भागातील लांब आकुंचनासाठी असतो, असे उत्तर मिळाले.

उणिवा आहेतच. एक्स-रेची तारीख मिळायला फार दिवस लागले, आणि बाह्यरुग्ण विभागात लघवीची पिशवी रिकामी करायला आडोशाची जागा नाही, ही गोष्ट तरुण रुग्णांना फार लागते.

शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांनी कॅथेटर निघाला. आता भाऊ ठरावीक काळाने लघवीच्या धारेचा वेग मोजून घेतो. धार बारीक झाली तर वाट न पाहता यावे, अशी ताकीद आहे.