आठ रविवार आणि पंधरा हजार: ॲडमिशन काउन्सेलरचं प्रशिक्षण मला कसं वाटलं

बार्शीत बस स्टँडच्या मागं आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. जून उजाडला की बारावी सायन्सची पोरं आईबापांना घेऊन येतात आणि म्हणतात, "ताई, तुम्हीच भरा काय ते." इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचे, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचे, ऑप्शन फॉर्म मी असेच वर्षानुवर्षं भरत आले. 2023 मध्ये एका मुलीचा फॉर्म भरताना मी टीएफडब्ल्यूएसचे, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या योजनेचे, कोड टाकलेच नाहीत. मंजूर जागांवर पाच टक्के जादा जागा असतात, आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर त्यावर ट्यूशन फी माफ होते, पण त्यासाठी कॉलेजचा शेवटी 'टी' असलेला कोड वेगळा भरावा लागतो. मला हे माहीतच नव्हतं. तिच्या पर्सेंटाईलला ती जागा मिळत होती, हे मला नंतर यादी बघताना दिसलं. तिच्या वडलांनी चार वर्षांची पूर्ण फी भरायचं कबूल करून टाकलं होतं. तेव्हापासून हे काम नीट शिकायचं डोक्यात होतं.

2025 च्या डिसेंबरात पुण्यात सदाशिव पेठेत एक बॅच सुरू झाली. आठ रविवार, दहा ते पाच, फी पंधरा हजार. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे सांगणार आहे ते मला नावासकट चव्हाट्यावर आणायचं नाही. शनिवारी दुपारची एसटी धरून कुर्डुवाडी-टेंभुर्णीमार्गे हडपसरला जाऊबाईंकडं मुक्काम, रविवारी रात्री परत. बॅचला आम्ही बावीस जण होतो. त्यात क्लासवाले जास्त, दोन निवृत्त प्राध्यापक, आणि माझ्यासारखी दुकानवाली मी एकटीच.

दुसऱ्या रविवारसाठी मी परत पंधरा हजार भरीन. मॅडमनी कटऑफच्या पीडीएफचं एकच पान छापून प्रत्येकाच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आज दिवसभर हेच." ते पान मी शंभर वेळा बघितलेलं. जीओपीईएनएच, एलओपीईएनओ, जीओबीसीएस ही अक्षरं मी नुसती डोळ्यांखालून घालायचे. मॅडमनी ती फोडून दाखवली. पहिलं अक्षर जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींची जागा. मध्ये प्रवर्ग. शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठातला विद्यार्थी, एस म्हणजे राज्यस्तरीय. आता बार्शीत बारावी झालेल्या मुलीची होम युनिव्हर्सिटी सोलापूर. पुणे विद्यापीठाच्या खासगी कॉलेजात तिनं खुल्या प्रवर्गातून बघायचा रकाना एलओपीईएनओ. मी मात्र आजवर सगळ्यांना पहिला रकाना, जीओपीईएनएच, दाखवत आले होते. म्हणजे पुण्याच्या पोरांचा कटऑफ बार्शीच्या पोरींना सांगत होते! त्या बाकावर बसून मला माझ्या दुकानातल्या किती पोरी आठवल्या ते सांगता येत नाही.

ऑप्शनचा क्रम कसा लावायचा यावरही त्यांनी असाच वेळ दिला. आमच्याकडं समज असा की पहिलं नाव "मिळण्यासारखं" टाकावं, नाहीतर नंबर वाया जातो. तसं काही नसतं. जागा मेरिटनं लागते आणि तुमच्या यादीत वरून खाली बघत लागते, त्यामुळं वर पुण्याचं सीओईपी लिहिलं म्हणून खालचं कॉलेज हातचं जात नाही. जे खरंच हवंय ते वर. उलट नकोसं कॉलेज वर टाकण्यातच धोका. 2025 च्या प्रवेशाला पहिल्या फेरीत पहिला ऑप्शन लागला की ऑटो फ्रीज, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी काहीही लागलं की ऑटो फ्रीज. मग पुढच्या फेरीत सुधारणा नाही. नियम दर वर्षी बदलतात, तेव्हा सीईटी सेलची, म्हणजे हे प्रवेश चालवणाऱ्या राज्याच्या कक्षाची, माहितीपुस्तिका आधी वाचायची आणि मगच तोंड उघडायचं, हे त्या प्रत्येक तासाला बजावत होत्या.

कागदपत्रांचा रविवारही चांगला झाला. नॉन-क्रिमी लेअरचा दाखला प्रवेशानंतर येणाऱ्या, म्हणजे पुढच्या वर्षीच्या 31 मार्चपर्यंत चालणारा हवा, हे एवढंसं वाटतं, पण त्यापायी प्रवर्गाची जागा जाते. मेडिकलला मात्र एकच दुपार दिली. 15 टक्के ऑल इंडिया, 85 टक्के राज्य, एवढं सांगून सर पुढं पळाले. नीटवाल्या मुलांसाठी हा कोर्स करणार असाल तर करू नका.

पाचव्या रविवारी खोटंखोटं समुपदेशन करायला लावलं. एका निवृत्त सरांनी बाप व्हायचं, मी काउन्सेलर. सर म्हणाले, "कॉम्प्युटरच पाहिजे, दुसरं बोलू नका." मी लगेच सिव्हिलचे फायदे सांगायला लागले. मॅडमनी थांबवलं. "पोरगं तुमच्या शेजारी बसलंय. त्याला एक तरी प्रश्न विचारलात का?" नव्हता विचारला. दुकानातही मी कधी विचारत नव्हते. बाप सांगतो, मी टाईप करते, पोरगं मोबाईलमध्ये बघत बसतं. ही सवय मोडायला मला बाकीचे रविवार लागले, अजून पुरती मोडली आहे असं नाही.

आता आठवा रविवार. मॅडम नव्हत्या. संस्थेचे चालक स्वतः आले आणि त्यांनी पिशवीतून एक छोटं यंत्र काढलं. मुलाच्या दहा बोटांचे ठसे घ्यायचे आणि त्यावरून त्याची बुद्धी कुठल्या प्रकारची, कुठली शाखा घ्यावी हे सांगायचं. यंत्राचे पैसे वेगळे, प्रत्येक रिपोर्टवर आपला हिस्सा. अशा ठशांच्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं इंडियन सायकियाट्रिक सोसायटीनं जाहीर सांगितलेलं आहे. सात रविवार ज्यांनी आम्हाला "पुराव्याशिवाय बोलू नका" शिकवलं, त्यांच्याच वर्गात हे विकलं गेलं.

जेवणानंतर कॉलेजांची यादी आली. कॅपमध्ये न बसणारं पोरगं मॅनेजमेंट कोट्यातून तिथं पाठवायचं, ॲडमिशनमागं कमिशन मिळतं. मी उठून विचारलं, "मुलगी असली तर?" 8 जुलै 2024 च्या जीआरप्रमाणं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅपमधून झाला तरच. मॅनेजमेंटच्या जागेवर ती माफी नाही. म्हणजे कमिशनसाठी मी तिला तिकडं वळवलं तर तिच्या बापाच्या खिशातून फी मीच काढली. चालक म्हणाले, "ते पालकांनी बघायचं." पालकांना बघता येत नाही म्हणून तर ते आमच्या दुकानात येतात! मी हे मोठ्यानं बोलले. वर्गातले तिघंचौघं माझ्या बाजूनं बोलले, बाकीच्यांनी कमिशनचा फॉर्म भरला.

मी संस्थेला पत्र लिहून कळवलं आहे. अजून उत्तर नाही.

जायचं की नाही असं मला गावाकडच्या दोघीतिघींनी विचारलं. फॉर्म भरायचं काम आधीपासून करत असाल तर जा. मॅडमसाठी जा. कोरी पाटी घेऊन गेलात तर पहिले दोन रविवार डोक्यावरून जातील, म्हणून आदल्या वर्षीची माहितीपुस्तिका आणि एका कॉलेजचा कटऑफ घरी वाचून जा, दोन्ही सीईटी सेलच्या वेबसाईटवर फुकट मिळतात. जेवण फीमध्ये नाही, डबा न्या. नोट्स इंग्रजीत आहेत, मराठी मागितल्या तर मॅडम फळ्यावर सगळं मराठीत लिहून देतात. सर्टिफिकेट सहा रविवारांच्या हजेरीवर मिळतं, मी ऑफिसात विचारून घेतलं. आठव्या रविवारी नाही गेलात तरी चालतं.