झेनॉन, यूव्ही की ऊन? छपाईचा रंग आणि कोटिंग उजेडात किती टिकेल, हे कशावर तपासावं

लॅबकडून दरपत्रक मागवलं की त्यात दोन ओळी बहुधा एकाखाली एक येतात: ‘झेनॉन, ५०० तास’ आणि ‘यूव्ही, ५०० तास’. दोन्ही यंत्रं नमुन्यावर दिव्याचा उजेड टाकून उन्हाचा मारा लवकर घडवतात; पहिलीत झेनॉनचा दिवा, दुसरीत यूव्ही म्हणजे अतिनील देणारा. तास तेवढेच, दुसरीचा दर बराच कमी. मग दुसरीवर खूण करून माणूस मोकळा होतो. मीही एकदा झालो होतो. लॅमिनेट केलेले छापील फलक ५०० तासांनी जसेच्या तसे बाहेर आले, रिपोर्ट फाइलला लागला, आणि भिंतीवर लावलेले तेच फलक वर्षभरात गुलाबी रंग विसरून गेले. लॅबने काहीच चुकवलं नव्हतं. प्रश्नच मी भलत्या यंत्राला विचारला होता.

तेव्हापासून मी आधी एक गोष्ट ठरवतो: या मालात पहिल्यांदा काय जाणार, रंग की रंगाला धरून ठेवणारा लेप? यंत्र, फिल्टर, तास हे सगळं त्यानंतर.

रंग एका उजेडाने जातो, लेप दुसऱ्या

तरंगलांबी जितकी कमी, तितका प्रकाशाचा एकेक कण जोरकस. ३०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणात मोलमागे सुमारे ४०० किलोज्यूल ऊर्जा असते. कार्बन-कार्बनचा साधा बंध तोडायला साधारण ३५० लागते. रेझिन, वार्निश, पेंटचं बाइंडर यांची वाट लावायला म्हणूनच अतिनील पट्टा पुरतो. लेपाची आधी चकाकी जाते, मग तो पिवळा पडतो, तडकतो, आणि शेवटी बोट फिरवलं की पांढरी भुकटी हाताला लागते. यात ओलाव्याचा, त्यातही रात्रभर साचून राहणाऱ्या दवाचा, मोठा हात असतो.

रंगाचं गणित निराळं. एखादी शाई रंगीत दिसते याचाच अर्थ ती दृश्य प्रकाशाचा काही भाग गिळते, आणि जे गिळते त्यानेच ती बिघडूही शकते. मॅजेंटा, म्हणजे छपाईतली गुलाबी शाई, हिरवा प्रकाश शोषते, पिवळी शाई निळा-जांभळा. नेहमीच्या चाररंगी ऑफसेट छपाईत या दोन शाया कच्च्या, तर सायनमधलं थॅलोसायनिन निळं आणि काळ्यातला कार्बन पक्के. उन्हातलं जुनं पोस्टर शेवटी निळं-काळं उरतं ते यामुळे.

हे काही नवं ज्ञान नाही. ब्रिटनमध्ये रसेल आणि ॲबनी या दोघांनी जलरंगांवर प्रकाशाचा काय परिणाम होतो याचा अहवाल १८८८ सालीच दिला होता. रंगवलेल्या कागदाच्या पट्ट्या काचेच्या नळ्यांत घालून त्यांनी उन्हात ठेवल्या. निळ्या-जांभळ्या टोकाकडचा प्रकाश सर्वांत घातक, आणि नळीतली हवा नि ओलावा काढून घेतला की बहुतेक रंग तग धरतात, असं त्यांना दिसलं. आजच्या यंत्रांत प्रकाशाबरोबर तापमान आणि आर्द्रताही का सांभाळावी लागते, त्याचं उत्तर त्या नळ्यांत होतं.

झेनॉन चेंबर

फिल्टर लावलेला झेनॉन दिवा अतिनीलपासून दृश्य प्रकाश ओलांडून अवरक्तापर्यंत सूर्याशी मिळताजुळता वर्णपट देतो. छपाईसाठी हा त्याचा सर्वांत मोठा गुण. दुसरा गुण सहसा कुणी सांगत नाही: यात काळा नमुना पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, अगदी उन्हात तापतो तसा. गडद रंगाच्या कोटिंगला या जादा उष्णतेनेच अनेकदा आधी मार बसतो.

मात्र ‘झेनॉन’ एवढंच लिहून भागत नाही. खुल्या उन्हासाठी डेलाइट फिल्टर आणि काचेमागच्या वापरासाठी विंडो-ग्लास फिल्टर, असे दोन वेगळे खेळ आहेत. साधी तावदानाची काच साधारण ३१० ते ३२० नॅनोमीटरखालचं जवळजवळ सगळं अडवते. दुकानातलं डिस्प्ले कार्ड डेलाइट फिल्टरखाली तपासलंत, तर त्याला आयुष्यात कधी न भेटणारा शत्रू तुम्ही आणून भिडवता. नियंत्रणाचा बिंदू, म्हणजे ज्या तरंगलांबीवर दिव्याची तीव्रता मोजून स्थिर ठेवतात तो, हाही बदलतो: खुल्या उन्हासाठी बहुधा ३४० नॅनोमीटरवर ०.५१ वॅट प्रति चौरस मीटर प्रति नॅनोमीटर, काचेमागे ४२० वर १.१०. फिल्टर न विचारता चाचणी मागवणं म्हणजे गाव न विचारता गाडीत बसणं.

आयएसओ ४८९२-२ या झेनॉन चाचणीच्या मानकातलं नेहमीचं चक्र १०२ मिनिटं नुसता उजेड आणि १८ मिनिटं उजेड अधिक पाण्याचा फवारा असं चालतं. ब्लॅक स्टँडर्ड तापमान (नमुन्यांशेजारच्या काळ्या पट्टीवर मोजलेलं) ६५ अंश, आर्द्रता ५० टक्के. पेंटच्या पत्र्याला हे ठीक. कागदी छपाईला फवारा दिला तर रंग उडण्याआधी कागदाचीच वाट लागते, म्हणून तिथे कोरडं चक्र मागा. छपाई आणि शायांसाठी आयएसओ १२०४० हे स्वतंत्र मानक आहे आणि तेही फिल्टर लावलेल्या झेनॉनवरच बेतलेलं आहे.

तोटे उघड आहेत. यंत्र महाग, दिवा आणि फिल्टर वयानुसार बदलावे लागतात, फवाऱ्याचं पाणी अतिशुद्ध नसेल तर नमुन्यावर डाग बसतात आणि ते डाग रिपोर्टमध्ये ‘रंगबदल’ म्हणून मोजले जातात.

फ्लोरोसंट यूव्ही चेंबर

यात ट्यूबलाइटसारखे दिवे असतात आणि ते जवळजवळ फक्त अतिनील देतात. यूव्हीए-३४० हा दिवा २९५ ते ३६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात सूर्याची फार चांगली नक्कल करतो. त्याच्या वर मात्र अंधारच म्हणायचा. यूव्हीबी-३१३ त्याहून जहाल: जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात २९५ च्या खाली काही नसतं, हा दिवा तिथेही मारा करतो. निकाल लवकर लागतो खरा, पण उन्हात कधीच न होणारे बिघाड दिसतात आणि दोन कोटिंगमधला चांगला-वाईट क्रमही कधी उलटा येतो. एकाच फॉर्म्युल्याच्या बॅचमध्ये काही घसरलंय का, एवढं पाहायला तो चालेल. दोन वेगळ्या रसायनांची तुलना करायला मी तो वापरणार नाही.

या यंत्राची खरी ताकद ओलाव्यात आहे. तळातलं पाणी तापतं, वाफ वर जाते, नमुन्याची पाठ खोलीतल्या हवेने थंड राहते आणि पुढच्या बाजूवर दव धरतं. नेहमीचं चक्र ८ तास यूव्ही ६० अंशांवर आणि ४ तास दव ५० अंशांवर. फवाऱ्याच्या काही मिनिटांपेक्षा हे चार तास बाहेरच्या रात्रीच्या जास्त जवळ जातात. शिवाय वाफ होऊन दव धरत असल्याने साधं नळाचं पाणीही चालतं. अडचण एवढीच की नमुना जाड किंवा उष्णतारोधक असेल तर पाठीचा गारवा पुढे पोचत नाही आणि दव धरतच नाही.

आता माझ्या फलकांकडे परत. यूव्ही अडवणारी लॅमिनेशन फिल्म लावलेली छपाई तुम्ही या चेंबरमध्ये ठेवलीत, की दिव्याकडे असलेला जवळपास सगळा प्रकाश ती फिल्म गिळते. आतल्या शाईपर्यंत काही पोचतच नाही! निकाल झकास येणारच. बाहेरच्या उन्हात मात्र फिल्ममधून दृश्य प्रकाश सरळ आत जातो आणि मॅजेंटाचा घास घेतो. ‘यूव्ही-प्रोटेक्टेड’ छपाईचा दावा यूव्ही चेंबरमधल्या निकालावर उभा असेल तर तो मी रंगाचा पुरावा मानत नाही. फिल्म स्वतः किती टिकते, याचा पुरावा म्हणून चालेल.

| | झेनॉन | फ्लोरोसंट यूव्ही |
|---|---|---|
| दृश्य प्रकाश | भरपूर | नगण्य |
| आर्द्रतेचं नियंत्रण | असतं | सहसा नसतं |
| ओलावा | फवारा | दव |
| गडद-फिक्या नमुन्यांचं तापमान | वेगवेगळं | जवळपास सारखं |
| भरवशाचं काम | शाई, छपाई, रंगछटा | चकाकी, भुकटी, पिवळेपणा, तडे |

आणि खरं ऊन?

पेंट उद्योग आजही दक्षिण फ्लोरिडा आणि ॲरिझोना या दोन जागा प्रमाण मानतो: एक दमट, दुसरी कोरडी आणि तापलेली. विषुववृत्ताच्या दिशेला तोंड करून ५ किंवा ४५ अंशांच्या कलाने नमुने लावतात. काचेमागच्या वापरासाठी काच लावलेल्या पेट्या असतात. बाहेर लावायच्या कोटिंगला याहून मोठा न्यायाधीश नाही. पण वर्ष-दोन वर्षं थांबायची तयारी हवी, आणि एका वर्षाचं ऊन दुसऱ्या वर्षासारखं नसतं. माझ्या मते चेंबर आणि ऊन यांत निवड करायचीच नसते. चेंबरमध्ये पहिला नमुना टाकता त्याच दिवशी एक जोड बाहेरही टांगा. दोन वर्षांनी तुमच्या चेंबरच्या तासांना अर्थ येईल तो त्यातूनच. ‘चेंबरचे हजार तास म्हणजे बाहेरचं एक वर्ष’ असला सरसकट गुणक कुणी सांगितला तर हसून सोडून द्या. तो प्रत्येक रंगाला, प्रत्येक रेझिनला वेगळा असतो.

घरातल्या भिंतीवरचे फोटो

इथे आकड्यांची गंमत आहे. ‘हा प्रिंट १०० वर्षं टिकेल’ म्हणताना दिवसाला किती उजेड धरलाय, ते पाहा. प्रिंटचा टिकाऊपणा तपासणारी विल्हेल्म इमेजिंग रिसर्च ही संस्था रोज १२ तास ४५० लक्स (लक्स हे उजेड मोजायचं एकक) धरते: वर्षाला साधारण १९.७ लाख लक्स-तास. कोडॅक आपल्या दाव्यांसाठी १२ तास १२० लक्स धरत असे, म्हणजे सुमारे ५.३ लाख. प्रिंट तोच, कागद तोच, पण ‘वर्षं’ पावणेचार पट! म्हणून तुलना वर्षांची करूच नका, लक्स-तासांची करा.

चेंबरमध्ये हजारो लक्सचा मारा करून दशकांचा हिशोब काढताना आणखी एक गृहीत धरलेलं असतं: तीव्र उजेड थोडा वेळ आणि मंद उजेड खूप वेळ, दोन्हीचं नुकसान सारखं. ते दर वेळी खरं ठरत नाही. सच्छिद्र कागदावरच्या डाय (विरघळणाऱ्या रंगाच्या) शायांना तर ओझोनही खातो, अगदी अंधारातसुद्धा. अशा प्रिंटची नुसती प्रकाशचाचणी ही अर्धीच चाचणी.

संग्रहालयातली एकमेव वस्तू असेल तर मायक्रोफेडिंग: पॉल व्हिटमोर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेली पद्धत. अर्ध्या मिलिमीटरहून लहान ठिपक्यावर झेनॉनचा झोत टाकून रंग ढळू लागताच थांबतात. व्यापारी छपाईला त्याची गरज पडत नाही.

कोणतंही यंत्र घ्या, शेजारी निळी लोकर ठेवा

ब्लू वूल म्हणजे निळ्या रंगाने रंगवलेल्या लोकरीच्या आठ पट्ट्या. १ क्रमांकाची झटकन उडते, ८ क्रमांकाची फार चिवट. इथे बरेच जण फसतात. ६ आणि ७ मधला फरक परीक्षेतल्या एका गुणासारखा वाटतो, पण प्रत्येक पायरीला आधीच्या दुप्पट ते तिप्पट उजेड लागतो. नुसती दुप्पट धरली तरी ८ नंबर १ नंबरच्या १२८ पट टिकतो. शाई-विक्रेत्याने ‘७ ऐवजी ६ आहे, किरकोळ फरक’ म्हटलं तर आयुष्य निम्मं झालंय, असं समजा.

शिवाय शाईच्या डब्यावरचा आकडा बहुधा पूर्ण भरीव छपाईचा असतो. त्याच शाईची २० टक्के छटा छापा, ती कितीतरी लवकर उडेल. पांढऱ्यात मिसळून फिका केलेला पेंटही तसाच. म्हणून चाचणीच्या पट्टीवर भरीव रंगासोबत फिकी छटा हवी, आणि सायन-मॅजेंटा-पिवळा मिळून केलेला एक करडा चौकोन हवाच. मॅजेंटा गेली की तो हिरवट होतो, पिवळा गेला की निळसर; डोळ्याला सर्वांत आधी चुगली तोच करतो. कोरा कागदही मोजा. त्यातलं चमक आणणारं रसायन लवकर मरतं, कागद पिवळट दिसतो आणि खापर शाईवर फुटतं.

मग ऑर्डर काय द्यायची

पॅकेजिंग, पुस्तकाचं मुखपृष्ठ, डिस्प्ले कार्ड: झेनॉन, विंडो-ग्लास फिल्टर, कोरडं चक्र. याला पर्याय शोधू नका. बाहेरचं पेंट, पावडर कोटिंग, वार्निश यांच्या दोन-चार फॉर्म्युल्यांतून निवडायचं असेल तर यूव्हीए-३४० आणि दवाचं चक्र. पैसे कमी लागतात आणि उत्तरही नेमकं मिळतं. त्यात रंगछटा करारात लिहिलेली असेल, तर अंतिम उमेदवार झेनॉनमध्येही टाका. बाहेरचे लॅमिनेटेड फलक ही एकच जागा जिथे मी सुरुवातीपासूनच दोन्ही मागवतो: फिल्मसाठी यूव्ही, शाईसाठी डेलाइट फिल्टरचा झेनॉन. पैसे कमी असतील तर झेनॉन ठेवा.

ऑर्डरमध्ये फिल्टर किंवा दिव्याचा प्रकार, नियंत्रणाचा बिंदू आणि एकूण मात्रा लिहून घ्या. ३०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये ६० वॅट प्रति चौरस मीटर या दराने सलग ५०० तास म्हणजे चौरस मीटरमागे १०८ मेगाज्यूल. हा आकडा रिपोर्टवर असेल तर दुसऱ्या लॅबच्या त्याच फिल्टरच्या झेनॉनशी तुलना करता येते. रंगबदल डेल्टा ई २००० (दोन रंगांतला फरक आकड्यात सांगणारं सूत्र) मध्ये मागा आणि एकदम शेवटी न मोजता टप्प्याटप्प्याने मोजायला सांगा, कारण काही रंग सुरुवातीला झपाट्याने ढळतात आणि मग स्थिरावतात. लेपासाठी ६० अंशांच्या कोनातून मोजलेली चकाकी हवी.

आणि प्रत्येक नमुन्याचा एक तुकडा आधीच कापून, तारीख घालून, काळ्या पाकिटात बंद करा. त्याच पाकिटाला ‘खिडकीत ठेवू नये’ असंही लिहा. आमच्याकडचं एक पाकीट कुणीतरी उघडून खिडकीतच वाळत ठेवलं होतं.